विकून राहिलेला एक्सल

नागपूरला लोक संत्र्यासाठी जातात, लग्नासाठी जातात, नाहीतर वाघ बघायला जायचं म्हणून तिथं उतरतात. मी गेले ती एका जुन्या मोटारीच्या मागच्या एक्सलसाठी. हे ऐकल्यावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती मी अजून विसरलेले नाही. असू दे. त्यांना वाचायला मिळावं म्हणूनच हे लिहिते आहे.

आधी मोटारीचं सांगते. कोल्हापुरातल्या एका बंद पडलेल्या सिनेमा स्टुडिओच्या आवारात ती उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. आमच्या मालकांनी ती घरी आणली. मालक म्हणजे माझे यजमान, आमच्याकडं नवऱ्याला तसंच म्हणतात. मोटार काळी, गोल पाठीची, माझ्या जन्माच्याही आधीची. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की शौकीन लोकांचे फोन सुरू होतात, आणि आम्हाला ती विकायची नाही.

मालकांचं उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, लेथचं वर्कशॉप होतं. मोटारीचे बुश, पिना, दारांच्या कड्या, सगळं त्यांनी आपल्या हातानं बनवलं. अडलं ते एकाच जागी. मागच्या एक्सलच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात, मोठं क्राऊन आणि लहान पिनियन. इंजिनाची ताकद तीच मागच्या चाकांना पोचवतात. त्यांचे दाते तिरपे, वळणाचे, आणि दोन्ही चाकं एकमेकांवर घासून जोडीनंच तयार झालेली असतात. एकाचं क्राऊन दुसऱ्याच्या पिनियनला चालत नाही. आमची जोडी पार झिजली होती. उद्यमनगरात काय वाट्टेल ते होतं अशी आमची घमेंड, म्हणून एकदा इथंच करून घेतली. ती रंकाळ्यापर्यंतसुद्धा टिकली नाही.

आणि मग पावसाळ्यात मालकांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पाय बराच सुधारला. जीभ जड झाली आणि उजव्या हातातला जोर गेला. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या. पण या माणसाला काही करावंसंच वाटेना. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचं आणि समोरच्या ताडपत्रीकडं बघत राहायचं. ताडपत्रीखाली मोटार. फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाव नाही. कुणी आलं की आत निघून जायचे, बोलणं तुटक येतं म्हणून लाजायचे. ज्या माणसाच्या आवाजानं अख्खं वर्कशॉप हलायचं त्याला असं बघणं फार वाईट.

त्यातही एक धुगधुगी होती. जुन्या मोटारींच्या कुठल्याशा ग्रुपवरून त्यांना नागपूरच्या एका माणसाचा नंबर मिळाला. त्या माणसाकडं अगदी आमच्याच मॉडेलचा मागचा एक्सल होता, पोटातल्या जोडीसकट. मालकांनी जड जिभेनं स्वतः फोन लावला. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत होते. बोलणं लगेचच संपलं.

"विकून राहिलो म्हणाला," ते म्हणाले. "गेला तो पण."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारवाल्याला बोलावून सांगितलं, दिवाळी झाली की मोटार घेऊन जा.

खरं सांगते, मला त्या मोटारीचं एवढं काही प्रेम नाही. तिच्यापायी आमच्या न्हाणीघरात वर्षानुवर्षं ऑइलचे हात धुतले गेलेत. पण ती भंगारवाल्याच्या टेम्पोत चढली, तर हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. दसरा झाला तरी माझ्या डोक्यातून ते जाईना. शेवटी मनाशी म्हटलं, विकला तर विकला. ज्यानं घेतला त्याच्या दारात जाऊन बसेन, पण एक्सल आणेन. फोन मुद्दाम केला नाही, पत्ता तेवढा मालकांच्या त्या ग्रुपवरून काढून घेतला. फोनवर माणूस नाही म्हणून मोकळा होतो. दारात आलेल्या बाईला नाही म्हणणं जड जातं. मालकांना सांगितलं, नागपूरला भाचीकडं जाऊन येते. मुलगा आणि सूनबाई घरात होती, म्हणून काळजी नव्हती. खरं काय ते सांगितलं नाही, कारण हात हलवत परत आले असते तर त्यांची उरलीसुरली आशा पण मीच संपवली असती.

कोराडी

आगगाडीतलं काही सांगत नाही, झोपले होते. भाचीकडं अंघोळ केली आणि सिटी बसनं कोराडी गाठली. दिवाळी तोंडावर आली तरी ऊन असं की आमच्याकडचा एप्रिल बरा. वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसायला लागतात, कोळशाचे ट्रक एकामागून एक चाललेले असतात, आणि रस्त्याकडेच्या झाडांची पानं राखेनं करडी झालेली. तिथल्या बायका वाळत घातलेले कपडे झटकल्याशिवाय घरात नेत नाहीत. मी पदरानं तोंड पुसलं तर पदर काळा.

ज्यांचा नंबर होता ते देवराव. वीज केंद्रातून निवृत्त झालेले, वसाहतीच्या मागं स्वतःचं छोटं घर बांधून राहिलेले. मूळचे उमरेडचे, वडील हातमागावर लुगडी विणायचे. उमरेडच्याच एका बड्या घरची मोटार तुकड्या-तुकड्यानं विकली गेली तेव्हा यांनी हौसेनं तिचा मागचा एक्सल आणून ठेवला होता. हे सगळं त्यांनी मला पाणी द्यायच्या आधीच सांगून टाकलं. मोकळा माणूस. त्यांच्या बायको शांताबाई आत पोह्याला फोडणी देत होत्या.

मी म्हटलं, आमच्या मालकांनी तुम्हाला फोन केला होता, एक्सल कुणाला विकलात तेवढं सांगा.

"कोनालेच नाई," देवराव म्हणाले.

मी म्हटलं, अहो, तुम्हीच सांगितलंत ना विकून राहिलो म्हणून. ते म्हणाले, हाव, सांगतलं, इकून राहिलो. मी म्हटलं, मग कुणाला? ते म्हणाले, कोनालेच नाई. असं दोन-तीनदा झाल्यावर माझं डोकं फिरलं. मला वाटलं, घेणाऱ्याचं नाव लपवताहेत. कोल्हापूरचा आवाज जरा चढाच असतो, तो आणखी चढला. देवरावांना वाटलं, बाई भांडायलाच आली. तेवढ्यात शांताबाई झारा हातात घेऊनच बाहेर आल्या.

"ताई, मी आता काय करून राहिली?"

म्हटलं, पोहे करताय.

"हाव. पोहे करून राहिली. झाले काय? नाई. होऊन राहिले." त्यांनी झारा वर केला. "तसंच हे बी इकून राहिले होते. इकला नोता."

मी मटकन खाटेवर बसले. आमच्याकडं 'विकून राहिलो' असं कुणी म्हणतच नाही. म्हणालंच तर त्याचा अर्थ एकच, विकून बसलो, झालं, विषय संपला. नागपूरकडं 'करून राहिलो' म्हणजे करतो आहे, काम अजून चालू आहे. देवराव सांगत होते की मी विकतो आहे, घ्या. आणि आमच्या माणसानं ते ऐकून फोन ठेवला, आणि पाठोपाठ मोटार भंगारात काढली. मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. शांताबाईंनी पोह्याची बशी हातात दिली, वर चण्याची लालभडक तर्री ओतली, आणि म्हणाल्या, आदी खा.

त्यांना वेगळंच कोडं पडलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, तुमचे मालक स्वतः काहून नाई आले? मी म्हटलं, आजारी आहेत. त्या म्हणाल्या, मंग नोकर मानसाले इतक्या दूर एकटीले पाठवते, पगार तरी बरा देते काय? मालक म्हणजे नवरा हे कळल्यावर दोघं नवरा-बायको इतके हसले की शेजारची बाई डोकावून गेली.

पण एक्सल कुठं होता? तो घरी नव्हता. मालकांनी फोन ठेवल्यावर देवरावांनी बरेच दिवस वाट पाहिली. मग त्यांना वाटलं, या लोकांना नको असेल. दसऱ्याला सोनं द्यायला ते मुलीच्या सासरी नरखेड तालुक्यात गेले, तेव्हा व्याह्यांची संत्र्याची ट्रॉली मोडलेली दिसली. परत येऊन त्यांनी तो एक्सल टेम्पोत घालून त्यांच्याकडं पाठवून दिला. भेट म्हणून.

मी लगेच म्हटलं, मग त्यांना फोन करा आणि सांगा, परत हवाय. देवरावांचं तोंड एकदम पडलं. व्याह्याला तिकडं इवाई म्हणतात.

"पोरीच्या घरी देल्ली वस्तू वापस मागू?" ते म्हणाले. "इवायासमोर मान खाली जाईन माई. तुमी काईबी सांगा ताई, हे मले नाई जमनार."

मी खूप सांगून बघितलं. मालकांचं दुखणं सांगितलं, भंगारवाल्याचं सांगितलं. देवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान हलेना. आमच्याकडं तरी वेगळं काय आहे म्हणा. मुलीच्या सासरी दिलेली घागर फुटकी निघाली तरी आपण विचारत नाही. 

दुपारी जेवणाला थांबवून घेतलं. शांताबाईंनी सावजी पद्धतीचं मटण केलं होतं. मी ताठ्यात सांगितलं, मी कोल्हापूरची आहे, माझ्यासाठी तिखट कमी करू नका. त्यांनी नाही केलं. रस्सा काळा, वर तेलाचा जाड थर. आमचा तांबडा रस्सा तोंडात चढतो आणि उतरतो. हा घशातून खाली जाऊन तिथंच बसून राहिला. तिसऱ्या घासाला माझ्या कानातून वाफा यायला लागल्या. देवराव अगदी सभ्यपणे दुसरीकडं बघत होते. मी पानातलं सगळं संपवलं, कारण कोल्हापूरची अब्रू होती.

आणि हात धुताना शांताबाई मला म्हणाल्या, उद्या मी पोरीले भेटाले जाऊन राहिली. तुमाले यायचं असन तर या. मी काई मागनार नाई. तुमाले जे बोलाचं ते तुमी बोला.

यावेळी 'जाऊन राहिली'चा अर्थ मला बरोबर कळला.

नरखेड तालुका

एसटीत खिडकी मिळाली. काटोल मागं पडलं की दोन्ही बाजूंना संत्र्यामोसंब्याच्या बागा सुरू होतात, मधेमधे कापूस फुटलेला. उसाच्या हिरव्यात वाढलेल्या बाईला ती बुटकी, गोल झाडं बघून मजा वाटते. फळांनी फांद्या इतक्या वाकलेल्या की खालून बांबूचे टेकू दिलेले. वाटेत शांताबाईंनी विचारलं, तुमी 'मी आलो', 'मी जेवलो' असं बाई असून माणसासारखं काहून बोलता? म्हटलं, कोल्हापूरच्या बायका तशाच बोलतात, लिहिताना तेवढं शाळेतलं लिहितो. त्यांना हे इतकं आवडलं की दिवसभर त्या 'मी आलो, मी गेलो' करत होत्या.

बागेत शिरताना माझी पहिली फजिती झाली. झाडाच्या आळ्यात नुकतंच पाणी सोडलं होतं. मी पाय टाकला आणि काळ्या मातीनं चप्पल आत ओढून घेतली. ओढून काढली तर पट्टा मातीतच राहिला. व्याह्यांची पहिली भेट मी अनवाणी, एक पाय पोटरीपर्यंत चिखलात, अशी घेतली.

व्याह्यांचं नाव गुलाबराव. उंच, बारीक, पांढरी टोपी, बोलणं अगदी हळू. बागेत फळ तोडणं जोरात चाललं होतं. आणि समोर ट्रॉली उभी होती. मी रामराम घातला न घातला आणि सरळ ट्रॉलीखाली शिरले. बाई एकदम गुडघ्यावर खाली गेलेली बघून गुलाबराव दचकून मागं सरकले. पण मला बघायचंच होतं. हाच तो. मधला फुगीर गोळा, त्यावरची बोल्टांची ठेवण, सगळं आमच्या मोटारीखाली आहे तसंच. पिनियनचं तोंड गोणपाटानं बांधलेलं. ट्रॉलीखाली एक्सल नुसता गरगरतो, त्याला ओढण्याचं काम नसतं. म्हणजे आतले दाते शाबूत असणार.

बाहेर येऊन, केसातलं गवत काढत मी गुलाबरावांना सगळं सांगितलं. शांताबाई मुलीशेजारी बसून संत्रं सोलत होत्या, जणू माझी-त्यांची ओळखच नव्हती. गुलाबरावांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, द्यायला काहीच हरकत नव्हती, पण ही इवायाची भेट आहे. ती परक्याला दिली असं त्यांच्या कानावर गेलं तर त्यांना काय वाटेल? शिवाय व्यापाऱ्याचा ट्रक परवा येणार. ट्रॉली उभी राहिली तर तोडलेला माल बांधावरच सडेल.

आता बघा गंमत. एकाला मागता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, दोघंही सज्जन, आणि त्यांच्या सज्जनपणापायी माझी मोटार भंगारात चाललेली. मी म्हटलं, मी दुसरा एक्सल आणून देते, तुमच्या ट्रॉलीला कुठलाही चालतो. गुलाबरावांनी मान हलवली. म्हणाले, ताई, तुमचा कसा घेऊ, तुमी माह्या कोन?

मी अडून बसले. अक्षरशः. तिथल्या दगडावर बसकण मारली आणि सांगितलं, तोडगा निघाल्याशिवाय मी उठायची नाही. गुलाबरावांची सून, म्हणजे शांताबाईंची मुलगी वैशाली, इतका वेळ आईशेजारी बसून ऐकत होती. ती सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, दुसरा एक्सल बाबांनीच देल्ला तर?"

 गुलाबरावांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, इवायानं आपल्या हातानं दुसरा देल्ला, तर पहिला वापस जाऊ शकते. भेटीची भेट राहते. पण त्यांनी स्वतः यायला पाहिजे. अन् काम एका दुपारात झालं पाहिजे.

शांताबाईंनी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि मुलीला म्हणाल्या, "वैशाले, तू माह्यावानी नाई झाली वं. माह्याहून हुशार झाली."

त्या दिवशी बागेतच गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी खाल्ली. रोडगा म्हणजे कणकेचा भाजलेला गोळा, फोडून त्यात तूप ओतायचं. कालच्या रश्श्यानंतर पोटाला देव भेटल्यासारखं वाटलं.

लकडगंज

दुसऱ्या दिवशी देवरावांना घेऊन मी लकडगंजात उतरले. नवा एक्सल आपल्या हातून द्यायचा म्हटल्यावर ते एकदम ताठ झाले होते, इस्त्रीचा शर्ट घालून आले. लकडगंज म्हणजे घाऊक बाजार. सागवानाचा वास, हातगाड्या, ट्रक उलटे घेणारे क्लीनर, आणि एका गल्लीत जुन्या लोखंडाचे ढीग. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. उद्यमनगरात आल्यावर जसा कानात ठणठणाट होतो तसाच.

देवरावांना पहिलाच एक्सल पसंत पडला. मला पडेना. चाकं फिरवून बघितली तर एक खडखडत होतं. दुसऱ्या दुकानातला वाकलेला निघाला. देवराव दमले, म्हणाले, ताई, ट्रॉलीलेच तर पाहिजे. मी म्हटलं, तुमच्या मुलीच्या सासरी खडखडणारी वस्तू जाणार नाही. ते त्यांना पटलं. मग आम्ही दोघंही पेटलो. उन्हात, पायाखाली गंजाचा चुरा, एकेक ढीग उपसत गेलो. दुकानदारांशी मी आमच्या कोल्हापुरी हिंदीत बोलत होते. एक म्हातारा दुकानदार शेवटी म्हणाला, बहनजी, आप मराठी में ही बोलो, वो मैं समझ जाऊंगा.

त्याच म्हाताऱ्याकडं ताडपत्रीखाली एका जीपचा एक्सल निघाला, सरळ, जड, चाकं गुळगुळीत फिरणारी. पैसे कुणी द्यायचे यावरून देवरावांचं आणि माझं जे जुंपलं ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगते की ती भेट त्यांचीच होती, आणि मी हरले.

पुन्हा नरखेड तालुका

टेम्पो सकाळी बागेत शिरला. गुलाबरावांनी देवरावांना मिठी मारली, एक्सलला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. लोखंडाच्या तुकड्याला असं ओवाळलेलं मी खंडेनवमीशिवाय बघितलं नव्हतं. मग दोघा व्याह्यांनी शर्ट काढून ठेवले आणि ट्रॉलीखाली शिरले.

जुना एक्सल निघाला, पण नवा बसेना. ट्रॉलीच्या पट्ट्यांची भोकं आणि जीपच्या एक्सलची बैठक जुळत नव्हती. ऊन कलायला लागलं. लांब फाट्यावर व्यापाऱ्याच्या ट्रकचा हॉर्न वाजला असं कुणीतरी म्हणालं. गुलाबराव माझ्याकडं बघेनात. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळत होतं: जुनाच परत बसवू.  मी वैशालीला म्हटलं, गाडी काढ. तिच्या स्कूटीवर मागं बसून बागेतल्या वाटेनं फाट्यावर गेले. वेल्डिंगवाला जेवायला बसला होता. त्याला म्हटलं, भाऊ, जेवा सावकाश, पण मशीन मी उचलते. त्यानं हात धुतले आणि आला. पट्ट्या कापून पुन्हा जोडल्या. ट्रॉली चाकावर उभी राहिली, आणि पहिली फेरी बागेतून बाहेर पडली तेव्हा मी जमिनीवर बसूनच घेतलं.

मग आमचा गोळा उघडला. देवरावांनी आतलं काळं तेल फडक्यानं पुसलं. मोठ्या चाकावर एक आकडा कोरलेला असतो आणि पिनियनच्या टोकावर एक. दोन्ही सारखे असले तरच ती जोडी. मी चष्मा लावून वाचला. पुन्हा वाचला. देवरावांना वाचायला लावला. सारखाच होता. दाते असे की बोट कापेल.

"भेटली काय जोडी?" गुलाबरावांनी विचारलं.

 मी नुसती मान हलवली, आणि शांताबाईंनी मला जवळ घेतलं.

सगळा एक्सल नेणं शक्य नव्हतं. आमच्या एक्सलचं बाहेरचं कवच शाबूत आहे, जोडीच पुरे. गुलाबरावांनी दोन्ही चाकं तेलाच्या फडक्यात गुंडाळून संत्र्याच्या पेटीत भाताचं तणस घालून भरली, कोपऱ्यांत संत्री कोंबली, वर खिळे ठोकले. स्टेशनवर हमालानं पेटी उचलली आणि मला विचारलं, इसमें कौनसा संतरा है माँजी?

कोल्हापूर

घरी पोचले तेव्हा मालक व्हरांड्यातच होते. पेटी बघून म्हणाले, संत्री कशाला एवढी? मी खिळे उपटले, संत्री बाजूला काढली आणि जोडी त्यांच्या समोरच्या स्टुलावर ठेवली.

 त्यांनी डाव्या हातानं फडकं सोडवलं. मग उजवा हात मांडीवरून उचलला, क्राऊनवर ठेवला, आणि एकेक दाता चाचपत गेले.  मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, कारण समोर उभं राहवेना. मला वाटलं होतं, आता रडतील. मी पण तयारीत होते.

बाहेरून हाक आली. पूर्वीसारखी, वर्कशॉपमधली.

"चकत्या कुठायत?"

मी बाहेर आले. पिनियनच्या मागं पत्र्याच्या पातळ चकत्या असतात. पिनियन किती आत, किती बाहेर, ते त्यांच्यावर ठरतं. जोडीच्या चकत्या जोडीबरोबरच यायला हव्यात. आणि त्या मला अगदी डोळ्यांसमोर दिसल्या: बागेतल्या दगडावर, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, गुलाबरावांनी पुसून नीट ठेवलेल्या. पेटी भरताना एकालाही आठवलं नव्हतं.

मग मला जे काही ऐकवण्यात आलं ते जड जिभेनं, तुटक, पण न थांबता. एवढ्या लांब गेलीस आणि चकत्या विसरलीस. कुणी खोललं? खाली कागद पसरला होता का? दाते फडक्यानं पुसले की कापसानं? मी उभी राहून सगळं ऐकून घेतलं. शिव्या खाऊन इतकं बरं मला उभ्या आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. सूनबाई दारात येऊन बघत राहिली.

त्यांनी भंगारवाल्याला तिथल्या तिथं फोन लावला आणि 'येऊ नको' एवढंच सांगून ठेवून दिला. मी म्हटलं, गुलाबरावांना सांगते, कुरिअरनं पाठवतील चकत्या, दिवाळीपर्यंत येतील.

"चुकीच्या पाठवतील," ते म्हणाले. "तिकीट काढ. दोन."

मी म्हटलं, दोन कशाला, मी जाऊन येते की.

त्यांनी उजव्या हातानं पिनियन धरलं होतं, ते खाली ठेवलं नाही. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला त्यातलं काय कळतंय? मी येतोय."

पावसाळ्यापासून फाटकाबाहेर न पडलेला माणूस.  मी मोबाईल उघडला आणि दोन तिकिटं काढली, दोन्ही खालचे बर्थ.